नाकेदारअप्पांची फारखती

माझ्या हातून आयुष्यात एकच घटस्फोट झाला, आणि तोही दुसऱ्याचा. नवरा सदुसष्टाचा, बायकोनं साठी ओलांडलेली, आणि लग्न इतकं जुनं की त्यात कोण रुसलं होतं हे सांगणारं माणूस गावात उरलं नव्हतं. त्यांच्याच ओसरीवर मांडी ठोकून, त्यांनीच दिलेले भाजके शेंगदाणे खात मी तो कागद लिहिला. अक्षर फार देखणं आलं होतं. त्या अक्षराचा मला अजून अभिमान आहे. मजकुराचं पुढं सांगतो.

तेव्हा मी येरमाळ्याच्या सरकारी शाळेत मास्तर होतो. राज्य निजामाचं, कचेरीची भाषा उर्दू, गावाची मराठी, आणि मी ज्या घरात एक खण भाड्यानं घेतला होता त्या घराची भाषा भांडणाची. घरमालक मल्लाप्पा. बार्शीच्या रस्त्यावर निजामाची हद्द संपून इंग्रजांची सुरू व्हायची, तिथं करोडगिरीचा नाका होता. हद्द ओलांडणाऱ्या मालावर तिथं जकात घेत. त्या नाक्यावर मल्लाप्पांनी बत्तीस वर्षं काढली. पेन्शनीत निघाले तरी गाव त्यांना नाकेदारअप्पाच म्हणायचं. त्यांच्या बायकोचं नाव गंगव्वा, पण त्यांना सगळे अव्वा म्हणत. त्या उमरग्याच्या पलीकडच्या, कानडी मुलखातल्या. मराठी झकास बोलत, फक्त राग आला की कानडीत शिरत. अप्पांसाठी त्यांचा एक ठरलेला हुकूम होता: "सुम्म कुंद्री!" म्हणजे गप बसा. एवढं कानडी सगळ्या गल्लीला येत होतं.

अप्पा उंच, ताठ, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे. त्यांची नजर माणसाच्या तोंडावर कधी थांबत नसे, ती सरळ हातातल्या पिशवीवर जायची. मी बिऱ्हाड घेऊन दारात आलो तेव्हा त्यांनी मला नाव-गाव काही विचारलं नाही. माझ्या ट्रंकेकडं बघून म्हणाले, "उघडा, बघू द्या."

मी मुकाट्यानं उघडली. हा गृहस्थ दोन वर्षांपूर्वीच पेन्शनीत निघालाय हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. त्यांनी सदरे उलगडले, पुस्तकं झटकली आणि तळातून एक बाटली काढली.

"हे काय?"

"केसांचं तेल."

"कुनासाठी?"

"माझ्यासाठी."

अप्पांनी पहिल्यांदाच नजर वर केली, माझं टक्कल नीट न्याहाळलं आणि बाटली परत ट्रंकेत ठेवली. "जाऊ द्या. माल निघून गेल्यावर काय तपासायचं."

आतून अव्वांचं हसू ऐकू आलं. त्या घरात माझी ओळख अशी झाली आणि ती शेवटपर्यंत सुधारली नाही.

बत्तीस वर्षांच्या नोकरीत अप्पांनी कधी कुणाकडून सुपारीचं खांडसुद्धा घेतलं नव्हतं. लबाडी म्हणून केली ती एकच. नाक्यावरच्या माणसाच्या पट्ट्याला पितळी बिल्ला असायचा, तो नोकरी संपल्यावर सरकारजमा करायचा. अप्पांनी तो हरवला म्हणून लिहून दिलं आणि घरी आणला. दर शुक्रवारी दार लोटून ते त्याला चिंचेनं घासत. घासून झाला की माझ्या हातात देत आणि म्हणत, "बघा मास्तर, चोरीचा माल. नजर कुनाचीबी चुकवावी, आपलीच कशी चुकवायची?" आणि पुन्हा फडक्यात गुंडाळून फळीवर ठेवत.

त्यांच्या इमानदारीची एक गोष्ट अव्वा मला सारखी सांगत, दर वेळी नव्यानं चिडून. थोरल्या शरणूचं लग्न सोलापूरला झालं. अक्षता पडल्या आणि अप्पा गायब. वऱ्हाड नवरी घेऊन परत निघालं, नाक्यावर आलं, तर आडव्या बांबूमागं खुद्द सासरा उभा. रजा संपली होती म्हणे.

"उघडा, बघू द्या."

नवरीची ट्रंक उघडली. तिच्या आईनं दिलेली लुगडी एकेक करून उलगडली. रुखवतातले लाडू फोडून आत काही आहे का तेही पाहिलं. नवरी रडायला लागली. तेव्हा अव्वा गाडीतून उतरल्या आणि बांबूवर हात ठेवून म्हणाल्या, "माझीबी तपासणी करा सायेब. ह्या लग्नाला म्या पोराचा बाप घिऊन गेलते. तो तिकडंच राहिला वाटतं."

अप्पा म्हणाले, "माल आपला आसला तरी नजर सरकारची," आणि जकातीची पावती फाडली. ती सून पुढं अनेकदा सासरी आली, पण सासरा घरात असला की ट्रंक आणत नसे. कपडे अंगावर एकावर एक घालून येई.

हे सगळं नोकरी होती तोवर ठीक होतं. अप्पा नाक्यावरच राहायचे, आठवड्यातून एकदा घरी यायचे, आणि आठवड्यातून एकदा येणाऱ्या नवऱ्याशी कुणाचंही जमतं. पेन्शन झाली तशी पंचाईत झाली. "मास्तर," अव्वा एकदा म्हणाल्या, "हा मानूस बत्तीस वर्सं नाक्यावर हुता तवर माझा संसार सुखाचा झाला. आता नाकाच घरात आला."

अप्पा सकाळी ओसरीवर बसत ते थेट दिवेलागणीला उठत. आत जाणारी आणि बाहेर येणारी प्रत्येक वस्तू त्यांच्या नजरेखालून जाई. डाळीचं मडकं उघडून ते विचारत, "काल हितवर हुती, आज हितवर कशी?" अव्वा म्हणत, "रातच्याला तुमीच गिळली." घरात शांतता एकाच वेळी असे. दोघंही सकाळी आपापलं इष्टलिंग तळहातावर घेऊन पूजेला बसत, तेव्हा बोलायचं नसतं. तेवढ्या अर्ध्या तासात मी शाळेच्या वह्या तपासून घ्यायचो.

पण भांडणानं अव्वांचं काही बिघडत नव्हतं. बिघडलं ते ताकावरून. शेजारची कोंडाबाई तांब्या घेऊन आली होती, जाताना अप्पांनी तिला अडवलं.

"काय नेताय?"

"ताक हाय अप्पा."

"किती?"

"तांब्याभर."

"कालबी नेलतं."

"आज कढी करायचीय."

"घरात मानसं किती?"

कोंडाबाईनं तांब्या तिथंच जमिनीवर ठेवला आणि निघून गेली. ती गेली तशा दुसऱ्याही येईनाशा झाल्या. अव्वा कानडी मुलखातून या गावात नांदायला आल्या तेव्हा त्यांना मराठीतलं पाणीसुद्धा मागता येत नव्हतं. या चार बायका जोडायला त्यांची उमेदीची वर्षं गेली होती. अप्पांनी त्या महिनाभरात उठवल्या. अव्वा भांडायच्या थांबल्या. नुसत्या चुलीपुढं बसून राहायच्या. भाकरी करपली तरी उलटायच्या नाहीत.

मग एक दिवस त्यांनी मला आत बोलावलं. "मास्तर, वाटनी मागायची आसली तर कशी मागायची?"

"कुणाकडून?"

"ह्यांच्याकडनं."

मी हसलो. मी स्वतः तेव्हा दोन वर्षांचा नवरा होतो, त्यातलं दीड वर्ष बायको माहेरी परंड्याला होती, त्यामुळं संसाराबद्दल माझी मतं पक्की होती. मी अव्वांना समजावलं, की नवरा-बायको म्हणजे दोन जीव एक प्राण, त्यात वाटणी कसली. अव्वांनी ऐकून घेतलं. मग विचारलं, "तुमची बायको कवा येनार हाय?" मी बाहेर आलो.

त्याच दिवशी दुपारी अप्पांना वाढता वाढता अव्वा म्हणाल्या, "म्या वाटनी मागते."

अप्पांचा घास हातात राहिला. "बायको कुटं वाटनी मागती का? भाऊ मागतो, पोरगा मागतो."

"भाऊ तुमाला न्हाई, पोरं मागत न्हाईत. मग म्याच राहिले."

"घरात भिंत घालतीस व्हय?"

"भिंत कशाला? हद्द घाला. नुस्ती हद्द."

हा शब्द अव्वांनी कुठून काढला कोण जाणे. भिंतीला अप्पा मेले तरी कबूल झाले नसते. हद्द म्हटल्यावर त्यांचे डोळे चमकले. जेवण टाकून उठले, दोरी आणली, चुना कालवला. मला दोरीचं एक टोक धरायला लावलं. मी ते इतकं ताणलं की दोरी तुटली आणि मी चुन्यात बसलो. तरी संध्याकाळपर्यंत घराच्या मधोमध एक पांढरी रेघ सरळ ओढली गेली. ओसरी आणि पुढचा खण अप्पांचा, मागचा खण आणि परस अव्वांचा. अप्पा आपल्या बाजूला उभे राहून कौतुकानं रेघ बघत राहिले. मग त्यांच्या ध्यानात आलं की चूल, पाण्याचे हंडे, भाकरीची दुरडी हे सगळं पलीकडं आहे.

"आन जेवायचं कुटं?"

"पाव्हनं म्हनून या," अव्वा म्हणाल्या. "पन रेघ वलांडून न्हाई. मागल्या दारानं या, सांगून या."

अप्पांनी तेही मान्य केलं. त्यांचं म्हणणं एकच होतं, की कागद पाहिजे. कागदावाचून हद्द म्हणजे नुसता चुना. आणि कागद सरकारदरबारी नोंदवायचा म्हणजे उर्दूत. इथं माझी विद्वत्ता आडवी आली. मी उर्दूची परीक्षा दुसऱ्या खेपेला पास झालो होतो, हे मी गावात कुणाला सांगितलं नव्हतं. वाटणीला उर्दूत काय म्हणतात ते मला ऐन वेळी आठवेना. पण एका जुन्या कागदात हक्क सोडून देण्याला 'फारखती' म्हटलेलं मी वाचलं होतं. शब्द भारदस्त वाटला. तो मी मथळ्यावर ठसठशीत घातला: मल्लाप्पा आणि गंगव्वा यांची राजीखुशीची फारखती. खाली घराच्या चतुःसीमा लिहिल्या, एकाचा दुसऱ्याच्या बाजूवर हक्क नाही असं लिहिलं. अप्पांनी सही केली, अव्वांनी अंगठा दिला.

कागद घेऊन तालुक्याच्या कचेरीत मीच गेलो. तिथल्या म्हाताऱ्या मुन्शीनं तो वाचला, पुन्हा वाचला, आणि चष्म्यावरून माझ्याकडं बघून म्हणाला, "मास्टरसाब, इत्ते बुढापे में?"

मी ऐटीत म्हणालो, "जी, बुढापे में ही जरूरत पडती है."

"झगडा क्या हुआ?"

"छाछ पे से."

मुन्शीनं कपाळाला हात लावला, देवाचं नाव घेतलं आणि मोहोर उठवली. मला वाटलं, आपल्या उर्दूनं माणूस दिपला.

पुढचे आठ महिने मी त्या घरात जे पाहिलं ते कुठल्या नव्या जोडप्यातही पाहिलं नाही. अप्पा जेवणाच्या वेळी उठायचे, दाढी नीट आहे का बघायचे, धुतलेलं उपरणं खांद्यावर टाकायचे आणि पुढच्या दारानं बाहेर पडून गल्लीला वळसा घालून मागल्या दारी जायचे. तिथं उभं राहून खाकरायचे.

आतून अव्वा विचारायच्या, "कोन हाय?"

"म्या हाय."

"म्या म्हंजी कोन?"

"पुडल्या खनातला."

"हातात काय हाय?"

"वांगी."

"उघडा, बघू द्या."

आणि अप्पा पिशवी उघडायचे. बत्तीस वर्षं दुसऱ्याच्या पिशव्या उघडणारा माणूस आपली पिशवी उघडून उभा राहायचा आणि अव्वा एकेक वांगं फिरवून, किडकं बाजूला काढून म्हणायच्या, "हे कुनी गळ्यात मारलं?" एखाद्या दिवशी अप्पा रिकाम्या हातानं गेले तर आत घ्यायच्या, पण पाट द्यायच्या नाहीत. पाहुण्याला भाजी कशी झाली म्हणून विचारतात, तशी विचारायच्या. पाहुणा भाजीला नावं ठेवत नाही, तसे अप्पाही ठेवायचे नाहीत. जेवून निघताना ते म्हणत, "येतो." त्या म्हणत, "या." एवढा शब्द त्या घरात मी पूर्वी ऐकला नव्हता.

परसातून कोंडाबाई पुन्हा यायला लागली. ताक किती गेलं ते ओसरीवरून दिसत नव्हतं.

अप्पा ओसरीवर बसून मला म्हणायचे, "मास्तर, बाई वाईट न्हाई हो. म्या आपलं तिला हितनं कदी बघितलंच नव्हतं."

मी श्रेय घेतलं. शाळेत, पारावर, जिथं जागा मिळेल तिथं घेतलं. त्या काळात वर्तमानपत्रं क्वचित येत, त्यामुळं माझी ही बातमी फार लांब गेली. ती अशी गेली, की नाकेदारअप्पा आणि अव्वा वेगळे झाले. सोलापुरात शरणूला आणि लातूरला धाकट्या काशिनाथाला ती पोचली, आणि चैत्रात येडेश्वरीच्या जत्रेला दोघं बरोबरच घरी आले.

पोरं वाईट नव्हती. शरणू गिरणीत होता, एका खोलीत चार पोरं. काशिनाथ एका दुकानात कारकून, उर्दू शाळेत शिकलेला. घरातली चुन्याची रेघ बघून दोघं सुन्न झाले. काशिनाथानं कागद मागितला. अप्पांनी मोठ्या अभिमानानं काढून दिला. त्यानं वाचला आणि त्याचा चेहरा पडला.

"हे कुनी लिहिलं?"

"मी," मी म्हणालो. अक्षराची तारीफ होणार म्हणून जरा पुढंही सरकलो.

"मास्तर, फारखती लिहिलंय तुमी."

"हो. म्हणजे हक्क सोडणं."

"जमिनीचा सोडला तर जमिनीचा. नवरा-बायकोच्या नावानं लिहिली तर फारकत हुती. काडीमोड! सरकारी मोहोर हाय वर."

 मी शेंगदाणे खात होतो, ते हळूच परत ठेवले. अप्पांनी कागद परत घेतला, उलटा-सुलटा केला.

"म्हंजी आट महिने म्या परक्या बाईच्या हातचं जेवलो?"

रेघेपलीकडून अव्वा म्हणाल्या, "आन म्या परक्या गड्याची धोतरं धुतली. आता आपली आपुन धुवा."

मी घाईघाईनं म्हणालो, उद्याच कचेरीत जातो, चूक दुरुस्त करून आणतो. अप्पांनी हात वर केला. "मोहोर मारल्याला कागद चुकत न्हाई मास्तर. चुकलो आसू तर आमी."

आणि अव्वा म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या. नवरा म्हनून लई वर्सं बघितला. शेजारी बरा हाय."

इथवर हसण्यावारी गेलं असतं. पण पोरं ज्यासाठी आली होती ते त्यांनी संध्याकाळी काढलं. दिवस बरे नव्हते, सरहद्दीवर कधी काय होईल सांगवत नव्हतं, म्हाताऱ्या माणसांनी गावात एकटं राहू नये, हे खरंच होतं. पण दोघांना एकत्र ठेवून घेण्याएवढी जागा एकाच्याही घरी नव्हती. शरणू म्हणाला, अव्वाला मी नेतो. काशिनाथ म्हणाला, अव्वाला मीच न्यायला आलोय. शरणू म्हणाला, माझी पोरं लहान आहेत. काशिनाथ म्हणाला, माझी अजून व्हायची आहेत, म्हणून तर. दोघं बराच वेळ अव्वांवरून भांडले आणि अप्पा ओसरीवर बसून ते ऐकत राहिले. त्यांचं नाव त्यात एकदाही आलं नाही. शेवटी शरणू जिंकला, तेव्हा काशिनाथ उसासा टाकून म्हणाला, "मग अप्पा माझ्याकडं."

त्या उसाशाचा अर्थ अप्पांना कळला. नाक्यावरच्या माणसाला बोजा कोणता आणि माल कोणता ते कळतं.

मी मध्ये पडायचं ठरवलं. शरणूला गाठून म्हणालो, या वयात त्यांची ताटातूट करणं पाप आहे. तो म्हणाला, "ताटातूट तुमीच करून ठिवली की मास्तर, मोहोर मारून. आमी नुस्तं गाडी जुपनार." यावर मला काही सुचलं नाही. उर्दूतही नाही.

पोरं तीन दिवस राहिली. त्या तीन दिवसांत अप्पा काही तपासेनासे झाले. माणसं आली-गेली, जत्रेची टोपली आली, शेजारची म्हैस ओसरीत शिरून गेली, अप्पा बघत नव्हते. अव्वा पलीकडं बोचकं बांधत होत्या. बांधायच्या, सोडायच्या, पुन्हा बांधायच्या, आणि मधूनच रेघेवरून ओसरीकडं बघायच्या. एकदा मुद्दाम मोठ्यानं म्हणाल्या, "डाळीचं मडकं कोंडाबाईला देऊन टाकते, भरल्याचं भरल्यालं!" अप्पा म्हणाले, "दे."

अव्वा खाली बसल्या. 

चौथ्या दिवशी सकाळी बार्शीला जायला गाडी दारात आली. शरणूनं आपली ट्रंक चढवली. अव्वा बोचकं काखेत मारून मागल्या दारानं निघाल्या, गल्लीला वळसा घालून पुढं आल्या. रेघ त्यांनी त्याही दिवशी ओलांडली नाही. गाडीत चढायच्या आधी ओसरीपुढं उभ्या राहिल्या.

"जाते."

"जा," अप्पा म्हणाले. "तिकडं नातवंडं हायत."

"गाडी चाललीय. सरहद्द वलांडनार हाय."

"बघितलं."

"मग तपासा की!"

"म्या पेन्शनीत हाय."

"आट वर्सं मास्तराची ट्रंक सोडली न्हाई, तवा नव्हता व्हय पेन्शनीत?" (आठ वर्षं नव्हती, दीडच होती, पण रागात अव्वा हिशेब धरत नसत.) "उठा! सरकारचं खाल्लंय न्हवं?"

अप्पा उठले. पायऱ्या उतरताना पहिल्यांदाच मला ते म्हातारे दिसले. अव्वांनी बोचकं त्यांच्या पुढ्यात आदळलं. अप्पांनी गाठ सोडली. दोन लुगडी, चोळ्या, घोंगडीचा तुकडा, विभूतीची डबी. हात आपोआप फिरत होते, कडा चाचपत होते, घड्या झटकत होते. मग एका चोळीच्या गाठीत त्यांची बोटं थांबली. त्यांनी गाठ उकलली. आत फडकं होतं. फडक्यात बिल्ला.

त्यांनी तो उन्हात धरला. लखलखीत होता. शुक्रवार नव्हता, तरी कुणीतरी घासलेला होता.

"हे काय?"

अव्वा उकललेल्या चोळीची घडी घालू लागल्या.

"म्या इचारतोय, हा माल कुनाचा?"

"चोरीचा हाय," अव्वा म्हणाल्या.

"सरकारी बिल्ला सरहद्दीपार नेत हुतीस?" अप्पांचा आवाज चढला. तीन दिवसांत पहिल्यांदा चढला. "कायदा म्हाईत हाय का तुला? कुनाच्या हद्दीतनं उचलला? माझ्या! कुनाला इचारून?"

"न्हाई इचारलं."

"शरणू! बैलं सोड! गाडी जप्त हाय!"

"आवो अप्पा, उनं वाढाय लागली—"

"सोड म्हनतो न्हवं? माल जप्त, बोचकं जप्त, आन..." इथं अप्पांची गाडी अडली. कायद्यात पुढं जे येतं ते बोलायला त्यांना धीर होईना. त्यांनी उपरण्यानं तोंड पुसलं.

अव्वांनी वाट पाहिली. मग स्वतःच शरणूकडं वळून म्हणाल्या, "मुद्देमालासंगट आरोपीला ऱ्हावं लागतंय बाबा. कायदा हाय. तू जा. पोरांला लाडू दे."

शरणूनं माझ्याकडं पाहिलं. कागद माझा, घोळ माझा, निदान खुलासा तरी मी करावा अशी त्याची अपेक्षा असावी. मी तोंड उघडलं. अप्पा आणि अव्वा एकदमच म्हणाले, "सुम्म कुंद्री!"

गाडी शरणूला एकट्याला घेऊन गेली. काशिनाथही दुपारी गेला, आणि मला वाटतं जरा हलका होऊनच गेला. बिल्ला सापडावा म्हणून मुद्दाम बांधला होता की अप्पांचं बरोबर काही असावं म्हणून, हे मी नंतर अव्वांना विचारलं. त्या म्हणाल्या, "तुमी ते तेल लावता, त्ये मुद्दाम का बरोबर काही आसावं म्हनून?"

पुढं माझी बदली झाली. निजामाचं राज्य गेलं, उर्दू गेली, माझी बायको परंड्याहून आली. येरमाळ्याला जाणं झालं नाही. एकदा बीडहून बार्शीला निघालो असताना आमची बस येरमाळ्याच्या रस्त्यावर बिघडली. सोमवारची सकाळ होती. मी खाली उतरून उभा होतो, तर महादेवाच्या देवळाकडून अप्पांचा आवाज आला. ते पुढं चालत होते, दहा पावलं मागं अव्वा. अप्पा वाकले होते, पण आवाज तोच होता.

"कुन्या शहान्यानं धोंडा टाकलाय हितं! भर रस्त्यात! उजव्या अंगाला!"

"कळतंय मला," मागून अव्वा म्हणाल्या आणि डावीकडं सरकल्या.

"कळतंय म्हनं! आन ह्यो चिखल कुनी केला? दोन ढांगा चिखल! लोकांला लाज न्हाई!"

अव्वांनी लुगडं उचललं, दोन लांब ढांगा टाकल्या. "तुमच्या तोंडाचा पट्टा कवा बंद व्हनार?"

"मेल्यावर!" अप्पा पुढं बघूनच ओरडले. मागून क्षणभर उत्तर आलं नाही, तसे ते जागच्या जागी थांबले. "आली का मेली?"

"तुमच्याआदी न्हाई!"

अप्पा पुन्हा चालू लागले. मला भारी वाईट वाटलं. एवढं सगळं होऊन अजून हेच? भर रस्त्यात, लोकांसमोर? मी लगबगीनं पुढं झालो आणि अव्वांच्या वाटेत उभा राहिलो. "अव्वा, ओळखलं का? मी मास्तर. अप्पांचं मनावर घेऊ नका, आता वय झालं त्यांचं—"

अव्वा थबकल्या. त्यांचे डोळे माझ्याकडं वळले, पण माझ्यावर आले नाहीत. बुबुळांवर दुधासारखी साय होती. एक हात हवेत उचलला गेला आणि तिथंच राहिला. अप्पांनी त्यांना हाताला धरून चालवलं असतं तर सगळ्या गावाला कळलं असतं.

"मास्तर," त्या हळूच म्हणाल्या, "मधी बोलू नगा. रस्ता चुकतो."

मी बाजूला झालो. पुढं अप्पा पाठमोरे उभे होते. त्यांनी मान वळवली नाही.

"कुटं ऱ्हायलीस गं? हितनं वळायचंय! डाव्या अंगाला!"

अव्वांनी पदर सावरला आणि त्या डावीकडं वळल्या.